विज्ञानातील 'डॉग्मा' : टॉमस कून यांच्या एका निबंधाचे परीक्षण

'डॉग्मा' हा मूळचा ईश्वरविज्ञानाचा शब्द. टॉमस कून यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तो विज्ञानाला लावला, आणि तोही निंदेसाठी नव्हे. शास्त्रज्ञ निखळ मोकळ्या मनाने सत्य शोधतो, ही समजूत त्यांना मान्य नाही. शिक्षणातून लाभलेल्या सिद्धान्तांना तो घट्ट धरून राहतो, आणि हीच निष्ठा संशोधनास उपकारक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अपेक्षा निश्चित असेल तरच अपेक्षाभंग ध्यानात येतो, हा त्यांचा युक्तिवाद. तो कितपत टिकतो, हे आपल्या सीमाभागाशी निगडित अशा एका उदाहरणावर पडताळून पाहू.

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील वांकिडी (२०१६ पासून आसिफाबाद जिल्हा) हा मराठी मुलखाला लागून असलेला गोंडांचा प्रदेश. वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यांतील कोळशाचे थर येथून दूर नाहीत. भूशास्त्रात अशा थरांना 'गोंडवन' म्हणतात. ते नाव गोंडांच्या भूमीवरूनच पडले. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीचे ठसे गोंडवन थरांत आढळतात. तेच आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही सापडतात. ही भूखंडे एकेकाळी जोडलेली होती व पुढे दूर सरकली, असा निष्कर्ष आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडला व १९१५ च्या ग्रंथात विस्ताराने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

विद्वानांनी तो बहुतांशी झिडकारला. वेगेनर हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रात ते परके ठरले. तरीही त्यांच्या टीकाकारांवर अन्याय होऊ नये. वेगेनर यांनी सुचविलेली बले भूखंडे हलविण्यास अगदीच अपुरी आहेत, हा हॅरल्ड जेफ्रीज यांचा आक्षेप बिनतोड होता. दोष पुढील पायरीत आहे. 'कसे घडले हे कळत नाही' येथून 'घडलेच नाही' येथे उडी घेण्यात आली. शिवाय, समान जीवावशेषांची उपपत्ती लावण्यासाठी महासागरांत बुडालेले भूमिसेतू कल्पिले गेले. वस्तुतः भूखंडाचा हलका खडक सागरतळाच्या जड खडकात असा बुडू शकत नाही. परक्याकडे कार्यकारणाचा पुरावा मागावयाचा आणि स्वकीयांस तो माफ करावयाचा, ही खरी मतांधता होय.

कून यांचे विवेचन येथे उणे पडते. अपेक्षाभंग सर्वांना दिसत होता. परंतु निष्ठेने त्याचा शोध घेण्याऐवजी त्यावर पांघरूण घातले. निष्ठा व हटवाद यांतील सीमारेषा कून पुरेशी स्पष्ट करीत नाहीत. आपल्या मताला लावलेली कसोटी विरोधी मतालाही लावणे, ही ती सीमारेषा.

मात्र कथा येथे संपत नाही. १९५६ साली क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या काळ्या कातळातील चुंबकत्वाची मोजणी प्रसिद्ध केली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थिजला तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असे तीतून दिसले. १९६३ साली व्हाइन व मॅथ्यूज यांनी सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, आणि पुढील काही वर्षांत बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी आपले मत बदलले. जेफ्रीज १९८९ मध्ये निधन पावेपर्यंत बदलले नाहीत. परंतु शास्त्रज्ञांचा समुदाय त्यांच्यासाठी थांबला नाही. वेगेनर मात्र १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले होते.

शास्त्रज्ञही हटवादी असतात, हे ऐकून धर्मपंडितांनी समाधान मानण्याचे कारण नाही. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविणाऱ्या मंडळीच्या वारसांना तो अधिकार नाही. प्रेषितांविरुद्ध निर्णय घेण्याची घाई करू नका, असा सल्ला गमालिएलाने न्यायसभेला दिला होता; तो विद्यापीठांना जितका लागू आहे, तितकाच धर्मपीठांनाही. सिद्धान्त बाळगणे हे पाप नव्हे. पण आपले मत बदलावयास लावील असा पुरावा कोणता, या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याने आपल्या निष्ठेची परीक्षा करावी. आपल्या सभांतून हा प्रश्न आपण स्वतःस कितीदा विचारतो?