जलशाचा शब्द आणि डीजेचा ठोका

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीपुढे डीजे वाजू लागला, की आपलेच जुने कार्यकर्ते म्हणतात, 'जलसा मेला.' तरुण म्हणतात, 'काळ बदलला.' मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. या बदलाने कोणाची सत्ता मोडली, हे दोघेही विचारीत नाहीत.

सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यातला आशय पालटला. १९३० नंतर भीमराव कर्डक आदी शाहिरांनी आंबेडकरी जलशात तेच काम पुढे नेले. ढोलकी, बतावणी, सवालजवाब राहिले. गणातले देववंदन गेले आणि तेथे बाबासाहेब आले. अभिजन समीक्षेने याला 'प्रचार' म्हणून बाजूला सारले. देवाची स्तुती मात्र तिच्या लेखी कला होती!

१९५६ च्या धर्मांतरानंतर गायन पार्ट्या वाढल्या. तमाशातल्या सवालजवाबाला कव्वालीचा मुकाबला येऊन मिळाला आणि गायिका गायकासमोर बरोबरीने उभी राहिली. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून गीते रचली, गाइली. कल्याणला राहिलेल्या प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यात पंढरीची भक्तिगीते, कव्वाली आणि भीमगीते एकत्र नांदली. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या कॅसेटी शाहीर पोहोचत नव्हता तेथेही पोहोचल्या. पण जलशात शाहीर गाणे थांबवून अर्थ सांगे, श्रोता त्याला उलट विचारू शके. कॅसेटमध्ये ती सोय नव्हती. डीजेच्या ठोक्यात तर शब्दच बुडाला.

तरीही मी डीजेला सरसकट नाकारीत नाही. जलशाने शृंगारिक नाच टाकला, ते योग्यच होते. परंतु त्यात स्त्रीची भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. नाचावर जगणाऱ्या तमाशातील बाईच्या कलेचे आणि पोटाचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आज मिरवणुकीत आमच्या मायबहिणी कोणाच्या दौलतजाद्यासाठी नाचत नाहीत, स्वतःच्या आनंदासाठी नाचतात. पाटलाच्या वाड्यापुढे नाचवल्या गेलेल्या समाजाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

नाच मुक्त झाला, शब्द मात्र मुका झाला, तर हा बदल अर्धाच राहील. म्हणून माझे मंडळांना सांगणे आहे: प्रत्येक चौकात डीजे पाव तास बंद करा. ढोलकी वस्तीतल्या मुलींच्या हाती द्या. बतावणी त्यांनाच रचू द्या. आणि त्यांनी आपल्यालाच अडचणीचे प्रश्न विचारले, तर ते ऐकून घ्या.