विंचू, कोळी आणि महानायक

‘तुमचा स्वतःचा महानायक तयार करा’ हा उपक्रम अलीकडे पुष्कळ शाळांतून घेतला जातो. मुले कागदावर चार चौकटी आखतात: नाव, पोशाख, शक्ती आणि शत्रू. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या कागदावर मांजरा धरण एका फुंकरीने भरणारा नायकही सापडतो. परदेशी गगनचुंबी इमारतींवरून उडणाऱ्या नायकापेक्षा आम्हांला तो अधिक आवडतो. त्याला निदान आपल्या गावाची अडचण ठाऊक असते. उपक्रम चांगलाच आहे. आमची तक्रार त्या चार चौकटींबद्दल आहे.

या चौकटी मुलांच्या मनातून आलेल्या नाहीत, त्या तयार नायकांवरून उचललेल्या आहेत. १९६२ साली अमेरिकेत ‘स्पायडरमॅन’ अवतरला. किरणोत्सारी कोळी चावतो आणि एका शाळकरी मुलाला भिंतीवर चढण्याची शक्ती मिळते. आपल्याकडे १९९७ पासून २००५ पर्यंत दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ गाजला. त्याला शक्तीसाठी साधना तरी करावी लागली, कोळ्याचे मात्र एका चाव्यातच भागले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्या पंक्तीत बसत नाही, कारण त्याच्यापाशी सायकल आणि चौकसपणा यांखेरीज काही नाही. आमच्या मते म्हणूनच तो वर्गात अधिक उपयोगी आहे.

चाव्याने शक्ती येते ही कल्पना कळंबच्या मुलापुढे ठेवताना शिक्षकाने क्षणभर थांबावे. इथल्या मुलाला दंश म्हणजे काय हे माहीत असते. बांधावरचे दगड, कडब्याची गंज, गोवऱ्यांची रास, जुन्या भिंतीची फट या विंचवाच्या जागा त्याला सांगाव्या लागत नाहीत. लाल विंचू चावल्याने शक्ती येत नाही. लहान मूल असेल तर जीव जाण्याचाच धोका असतो. कोळ्याची कथा सोडून विंचवाची खरी कथा सांगितली, तर नायक कोणाला म्हणावे हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो.

ही कथा मराठवाड्याच्याच एका माणसाची आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होतेच, आणि त्यांना यशही येई. त्यात जादू नव्हती. दंश झालेल्यांपैकी अनेकांना फक्त ठणका लागतो आणि तो काही तासांनी आपोआप कमी होतो. श्रेय मंत्राला मिळते.

मग मरणारे का मरत होते? बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशेजारी रात्ररात्र बसून नोंदी ठेवल्या. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारवा, आणि कोणते लक्षण केव्हा दिसले याची वेळ. या नोंदींतून दिसले ते सामान्य समजुतीच्या उलट होते. ज्याला नुसता ठणका आहे तो रोगी बहुधा वाचतो. ज्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, त्याचे हृदय धोक्यात असते, मग तो वेदनेने ओरडत नसला तरी. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

कारण असे. विंचवाचे विष चेतातंतूंच्या आवरणातील सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते. चेता विसावत नाहीत, ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड भार पडतो. ते थकले की फुप्फुसांत पाणी साचते. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध आवळलेल्या वाहिन्या सैल करते. म्हणजे साधी, स्वस्त गोळी नेमकी त्या दुव्यावर काम करते जिथे विष घात करते. या उपचाराविषयीचा बावस्कर दांपत्याचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला, आणि पुढे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

आम्हांला या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग मात्र २०११ चा वाटतो. प्राझोसिनमुळे नाव झाल्यावर २५ वर्षांनी याच दांपत्याने ७० रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले: नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले, तर रोगी लवकर बरा होतो. आपल्याच औषधाला परीक्षेला बसवायचे आणि त्याला कमी गुण मिळाले तर तेही छापून सांगायचे! असे करणारा महानायक आम्ही चित्रकथेत अजून पाहिलेला नाही. (२०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, हेही मुलांना सांगावे. पण ते शेवटी सांगावे.)

चित्रकथांनाही कधी कधी ही जाणीव होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९७३ च्या एका अंकात स्पायडरमॅन पुलावरून पडणाऱ्या मैत्रिणीला धाग्याने अचानक रोखतो आणि ती वाचत नाही. हे भौतिकशास्त्राला धरून आहे. २० मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाचा वेग शेवटी ताशी सुमारे ७१ किलोमीटर होतो. तो १० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर शरीरावर गुरुत्वाच्या २०० पट मंदन येते. झेलणारे हात पोलादी असले तर उलट वाईटच. ज्याला थांबवायचे त्याला हळू थांबवावे लागते, हे नायकाला माहीत असायला हवे होते. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

तेव्हा चार चौकटींत आणखी दोन घालाव्यात असे आम्ही सुचवतो: ‘या नायकाला काय माहीत नाही?’ आणि ‘त्याचा उपाय चुकला तर ते त्याला कसे कळेल?’ पोशाखाची चौकट हवी तर गाळावी, मुले ती तरीही रंगवतीलच. मांजरा धरण भरणाऱ्या नायकाला तर प्रश्न सोपे आहेत. धनेगावच्या या धरणाची साठवण सुमारे २२ कोटी घनमीटर आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे या नायकाने २२ कोटी टन पाणी आणले आहे. ते त्याने कोणाच्या नदीतून उचलले आणि तिथल्या गावांना विचारले होते काय, हे त्या मुलाने पुढच्या तासापर्यंत लिहून आणावे.