आठवा हिस्सा उरेपर्यंत

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या मध्यमखंडातले पहिले पाच अध्याय स्वरस, काढा, फांट, हिम आणि कल्क यांचे. चूर्णाची पाळी सहाव्यात येते. मला या खंडातली मापं वाचताना फार आनंद होतो.

काढ्याचंच बघा. एक पल भरड, सोळापट पाणी, मातीचं भांडं, मंद आच, आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. पल आज ४८ ग्रॅम धरतात. म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी आटून ९६ मिलिलिटर हाती येतं. फांटाला तेवढ्याच भरडीवर चार पल कढत पाणी पुरतं. हिमाला गार पाणी सहा पल आणि सोबत अख्खी रात्र. आगीचं काम इथे रात्र करते! अडुळशाचं पान सहज रस सोडत नाही, तर त्याचा गोळा पानांत गुंडाळून, वर दोन बोटं जाड माती लिंपून भाजायला सांगितलाय. वनस्पतीच्या स्वभावापुढे इतकं नमतं घेणारं लेखन मला कवितेइतकंच जवळचं वाटतं.

मग चूर्ण: अगदी कोरडं, बारीक वाटलेलं, वस्त्रगाळ. मात्रा एक कर्ष, म्हणजे १२ ग्रॅम. नेहमीच्या शून्य नंबरच्या कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅम मावतं. हिशेबाने चोवीस कॅप्सूल झाल्या. म्हणून आजचे कारखाने आधी अर्क काढतात, तो वाळवतात आणि ती भुकटी भरतात. डबीवर १०:१ छापलेलं असतं, म्हणजे दहा किलो वनस्पतीचा एक किलो अर्क. पण तो पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये? हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. दोन्ही भुकट्या पिवळ्याच दिसतील. शार्ङ्गधर पाणी, आच, भांडं, उरलेला हिस्सा, सगळं सांगतो. डबीवर नुसतं गुणोत्तर उरतं, हे मला खटकतं.

थोडक्या मात्रेत जास्त बळ आणायची वाट जुन्यांनाही ठाऊक होती. चूर्णाच्याच अध्यायात भावनेचं माप येतं: सगळं चूर्ण नीट भिजेल इतका द्रव. आपण मनासाठी वापरतो तोच हा शब्द, इथे भिजून मुरण्यासाठी. चरकसंहितेत तर स्वतःच्याच रसाची भावना दिलेलं थोडं औषधही पुष्कळ काम करतं, असं म्हटलंय. खलात आवळ्याचं चूर्ण, वर ताज्या आवळ्याचा रस. घोटायचं, वाळवायचं, पुन्हा रस ओतायचा.