खंडोबा, मुरळी आणि धम्मदृष्टी

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि माहूरचे रेणुकापीठ यांकडे केवळ लोकसंस्कृतीचे वैभव म्हणून पाहण्याची प्रथा रूढ आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या 'खंडोबा' (१९६१) या ग्रंथाने या दैवताचे कर्नाटकातील मैलाराशी व तेलुगू प्रदेशातील मल्लण्णाशी असलेले नाते उलगडले. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये मातृदेवतांची ठाणी, व्यापारी मार्ग व बौद्ध लेणी यांचा संबंध दाखविला. हे ऋण मान्यच केले पाहिजे.

परंतु दैवताचा उगम कळला म्हणजे उपासनेचे मूल्यमापन झाले असे नव्हे. भंडारा उधळला जातो, दिमडी वाजते. पण देवाला वाहिलेली मुरळी कोणाच्या घरची? बहुधा अस्पृश्य व दरिद्री घरची. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८-०९ च्या सुमारास 'सोमवंशीय मित्र' मधून हाच प्रश्न मांडला. १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा निजामी मराठवाड्याला लागू नव्हता. महाराष्ट्राचा कायदा २००५ चा.

भगवान बुद्धांनी सीलब्बतपरामास, म्हणजे कर्मकांडाला कवटाळणे, हे बंधन मानले. तथापि दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाची त्यांनी टर उडविली नाही. त्या नमस्काराला माता-पिता, आचार्य, पत्नी, मित्र, सेवक यांच्याविषयीच्या कर्तव्याचा अर्थ दिला. नांदेड-लातूरकडील उपासकांनी यात्रेला निघालेल्या आयाबहिणींशी याच रीतीने बोलावे. आणि हेही विसरू नये, की १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा आचरणाविना नुसत्या घोकणे, हाही सीलब्बतपरामासच होय.