पाटी राखली, अक्षराचे काय?

आठवडाभर टंकलिखित देवनागरी वाचून विटलेल्या डोळ्यांना रविवारी हाताने रंगविलेली देवनागरी दाखवावी, असा आमचा परिपाठ आहे. झालान्याहून निघावे आणि सांगानेरी दरवाज्यातून जोहरी बाजारात शिरावे. बरीच दुकाने बंद असतात. पाट्या तेवढ्या उघड्या. गुलाबी भिंतीवर पांढरी पट्टी आणि तिजवर काळी अक्षरे: दुकानाचे नाव, मालाचा प्रकार, क्रमांक. सराफाची पाटी मोठी आणि लाखेच्या बांगड्या विकणाराची लहान, असा भेद सहसा आढळत नाही. मुंबईच्या पाट्यांच्या आरडाओरडीस सरावलेल्या मराठी माणसाला ही समता प्रथम नीरस वाटते. मग ती आवडू लागते.

सवाई जयसिंगाने 1727 मध्ये आखून वसविलेल्या या नगरात बाजाराचा दर्शनी भाग हा एकट्या दुकानदाराच्या लहरीचा विषय कधीच नव्हता. 1876 मध्ये चढलेला गुलाबी रंग टिकला, 2019 मध्ये युनेस्कोने जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. या यशात पाट्यांच्या शिस्तीचा वाटा आम्ही मोठा मानतो.

आमची तक्रार निराळी आहे. ही शिस्त रंगाची चौकशी करते, हाताची करीत नाही. किशनपोल बाजारात एका दुकानावर उत्तरेकडील जुन्या वळणाचा ‘अ’ होता, आणि ‘भण्डार’ या शब्दातील ‘र’ जागेअभावी अंग चोरून उभा होता. रंगाऱ्याने पहिली अक्षरे ऐसपैस काढली आणि पट्टीचा शेवट जवळ आल्यावर तो भानावर आला, हे रस्त्यावरूनही वाचता येई. एका दिवाळीनंतर पाहतो तो तेथे यंत्राने कापलेली चिकट अक्षरे! पट्टी पांढरी, अक्षर काळे. आक्षेप घ्यावयास जागा नाही. ‘र’ला आता भरपूर जागा मिळाली आहे.

गेलेल्या त्या ‘अ’विषयी मराठी वाचकाने थोडे ओशाळावे. मुंबईच्या छापखान्यांत रुजलेले ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांचे वळणच पुढे प्रमाण हिंदीनेही स्वीकारले आणि उत्तरेचे जुने वळण मागे पडले. आपल्या ‘ल’ आणि ‘श’ यांच्यासाठी मात्र महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये आदेश काढला. आपल्या अक्षराचा असा कैवार घेणारांना दुसऱ्याच्या अक्षराची हळहळ वाटावयास हवी. पण पाट्यांचा वाद आपल्याकडे पेटला तो आकारमानावर. मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नसावे, ही कायद्याची मागणी. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि रातोरात छापील फलक चढले. अक्षर कसे असावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गाचे उदाहरण पुढे करण्यात येते. तेथे कमानी झाकणारे फलक उतरवून नवे मापात बसविले गेले आणि 2004 मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. काम उत्तम, पण त्यात पाटी ही वास्तूची अपराधी. तिच्या अंगी स्वतःचे काही राखण्याजोगे असेल, ही कल्पनाच तेथे नाही. ती कल्पना होती हनीफ कुरेशी यांची. 2024 मध्ये निवर्तलेल्या या कलावंताने रस्त्यावरील रंगाऱ्यांची अक्षरे संगणकीय टंकांत उतरविली आणि त्या टंकांना रंगाऱ्यांचीच नावे दिली. तरीही टंकात वर्णमाला उरते. अंग चोरणारा ‘र’ उरत नाही, कारण टंकाला जागा कधी अपुरी पडतच नाही.

2015 पासून जयपूर हे युनेस्कोच्या यादीत हस्तकला व लोककला यांचे नगर आहे. मीनाकारी आणि ठसाछपाई यांचा अभिमान योग्यच. पण ती कला विकणाऱ्या दुकानाचे नाव ज्याने कुंचल्याने लिहिले, त्याची गणना कारागिरांत होत असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जुन्या पाट्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पेंटर’ असे लिहून त्याने आपले नाव टाकलेले असते. येत्या दिवाळीची रंगसफेदी सुरू होण्यापूर्वी ही नावे उतरवून घ्यावयास आम्ही वही घेऊन जाणार आहोत. जयपुरात बदली झालेल्या वाचकांपैकी कोणास सवड असेल, तर चांदपोलची बाजू अजून कोणी घेतलेली नाही.