घाटाचा राजा

क्रीडेच्या मैदानावर जे शब्द जन्मास येतात, किंवा दुसरीकडून येऊन तेथें स्थायिक होतात, त्यांच्याकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. रंगभूमीवरील 'सम्राट' आणि 'सूर्य' यांच्याविषयीं मराठी रसिकांनीं पिढ्यान् पिढ्या वाद घातले. पण मुंबई-पुणें सायकलशर्यतींत बोरघाट सर्वांच्या आधीं चढून जाणाऱ्यास आपण 'घाटाचा राजा' म्हणतों, हा प्रयोग मात्र विनातक्रार रूढ होऊन बसला आहे. शब्द साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटीं निष्ठेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. विश्रामबागेंतील एका घरीं ऐकलेल्या वादामुळें तो प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या ध्यानांत आला.

विश्रामबाग हें स्थळ अशा वादाला योग्यच म्हटलें पाहिजे. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यानच्या या वस्तींत १९१९ सालीं स्थापन झालेलें एक महाविद्यालय मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचें, विलिंग्डनचें, नांव आजही धारण करून आहे. आणि १९४७ सालीं निघालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंद हिराचंद यांच्या नांवानें ओळखलें जातें. एका पाटीवर साम्राज्याचा प्रतिनिधि, दुसरीवर स्वदेशी उद्योगाचा पुरस्कर्ता. आणि दोन्ही पाट्यांवरून विद्यार्थी रोज सारख्याच निर्विकारपणें ये-जा करतात. ज्या संस्थानाची ही भूमि, तें पटवर्धनांचें सांगली संस्थान मार्च १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजा गेला, 'राजा' हा शब्द मात्र राहिला.

वादाचें निमित्त क्षुल्लक होतें. आषाढाच्या एका संध्याकाळीं दूरचित्रवाणीवर 'टूर द फ्रान्स', म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा, चालली होती. घरांतील तरुण नातू एका परदेशी स्वाराची चढण पाहून हर्षभरित झाला आणि "हाच खरा घाटाचा राजा!" असें ओरडला. त्याची आत्या म्हणाली, "आपल्या देशाचा यांत कोणी नाहीं, मग याच्या जिंकण्याचें तुला एवढें कौतुक कां?" आणि आजोबा, ज्यांनीं बालपणीं संस्थानी दरबाराचा थाट डोळ्यांनीं पाहिलेला, ते हंसून म्हणाले, "अरे, वर पोंचल्याबरोबर ज्याला पलीकडे उतरावें लागतें, तो राजा कसला? राजा उतरत नसतो." नातवाला उत्तर सुचलें नाहीं. वाद तेवढ्यावर थांबला. पण तीन पिढ्यांच्या तीन निष्ठा त्यांत स्पष्टपणें बोलून गेल्या. नातवाची निष्ठा गुणावर, आत्याची राष्ट्रावर, आजोबांची पदावर. यांपैकीं कोणती रसिकाची?

प्रथम शब्दाकडे पाहूं. फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत डोंगर चढणारांचा वेगळा मान १९३३ सालापासून आहे. पहिला मानकरी विसेंते त्रुएबा हा स्पॅनिश स्वार. लाल ठिपक्यांचा अंगरखा त्यासाठीं १९७५ पासून देतात. नवलाची गोष्ट ही कीं, राजाला शिरच्छेदापर्यंत नेणाऱ्या फ्रेंचांच्या भाषेंत या मानाचें रूढ नांव नुसतें 'सर्वोत्तम चढणारा' असें आहे. 'पर्वतांचा राजा' हें बिरुद इंग्रजीचें. आपला 'घाटाचा राजा' हा इंग्रजीच्याच वाटेनें आलेला दिसतो. असें असलें तरी तो मराठींत परका वाटत नाहीं. ज्या मुलखाचें सारें राजकारण घाट आणि गड यांवर झालें, तेथें घाट ज्याचा त्याचें राज्य, हा अर्थ कानाला आपोआप पटतो.

आतां अर्थाकडे. सपाट रस्त्यावर पुढच्या स्वाराच्या पाठीशीं राहणारास वाऱ्याचा अडथळा पुष्कळ कमी होतो. म्हणून संघाच्या नायकासाठीं त्याचे सहकारी आळीपाळीनें वारा झेलतात, पाणी आणून देतात, प्रसंगीं आपलें चाक काढून त्याला देतात. फ्रेंच भाषेंत अशा सहकाऱ्याला चक्क 'घरगडी' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे सपाटीवरचा नायक हा एक लहानसा संस्थानिकच होय. हुजरे आहेत तोंपर्यंत त्याचा थाट. परंतु चढ लागला कीं वेग घटतो, वाऱ्याच्या आडोशाचा उपयोग उणा होत जातो, आणि ज्याचें त्यानें आपलें वजन वर न्यावयाचें असतें. हुजरे एकेक करून मागें पडतात. घाट हा दरबाराची परीक्षा घेणारा आहे. आणि त्या परीक्षेंत उतरलेल्यासच लोकांनीं राजा म्हणावें, यांत लोकांच्या भाषेचें शहाणपण आहे.

तथापि प्रेक्षक इतक्यावर समाधान मानीत नाहींत. जो घाट चढला तो आपल्या पक्षाचा असावा, हा त्यांचा पुढचा आग्रह. आणि येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. इटलीचें उदाहरण याविषयीं फार बोलकें आहे. २ जून १९४६ रोजीं तेथील जनतेनें सार्वमतानें राजसत्ता दूर केली. पण उत्तरेनें प्रजासत्ताकाला कौल दिला आणि दक्षिणेनें राजाला. १३ जूनला राजा उंबेर्तो देश सोडून गेला, आणि दोनच दिवसांनीं इटलीच्या प्रदक्षिणेची सायकलशर्यत सुरू झाली. राजा गेलेल्या, दुभंगलेल्या देशाला पुन्हा एकत्र पाहण्याचें साधन म्हणून सायकलचीं दोन चाकें पुढें आलीं. वाटेंत, वादग्रस्त त्रिएस्तच्या अलीकडे, शर्यतीवर दगड पडले, तरी कांहीं स्वार त्या शहरापर्यंत पोंचलेच. शर्यत जिनो बार्तालीनें जिंकली. फाउस्तो कॉप्पी अवघ्या ४७ सेकंदांनीं मागें राहिला.

आणि मग सारा देश या दोन नांवांत वांटला गेला. बार्ताली म्हणजे धर्मनिष्ठ, जुन्या वळणाचा इटली. कॉप्पी म्हणजे नवा, ऐहिक, यंत्रयुगाचा इटली, अशी विभागणी लोकांनीं केली. बार्ताली श्रद्धाळू होता हें खरें; पण कॉप्पीच्या माथीं जें राजकारण मारण्यांत आलें, तें बहुतांशीं त्याच्या चाहत्यांचें होतें. चाहत्यांच्या या ओझ्याचा परिणाम १९४८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत दिसला. एकाच राष्ट्राच्या रंगाचे अंगरखे घातलेले हे दोघे एकमेकांवर नजर ठेवण्यांत इतके गुंतले कीं, दुसऱ्याला जिंकूं देण्यापेक्षां दोघांनींही शर्यत सोडून देणें पत्करलें. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें दोघांना शिक्षा केली. पुढच्याच वर्षीं फ्रान्सच्या प्रदक्षिणेंत दोघे एका संघांत आले, आणि बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशीं ते दोघे डोंगर ओलांडून बरोबर आले. त्या दिवसाचा विजय कॉप्पीनें त्याला घेऊं दिला आणि अखेरची शर्यत स्वतः जिंकली. १९४८ सालीं जें शिक्षेच्या धाकानें साधलें नसतें, तें १९४९ सालीं परस्परांच्या गुणाच्या ओळखीनें साधलें.

हा प्रकार मराठी वाचकास परका वाटूं नये. बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले, या वादांत आपल्याकडे घरेंच्या घरें विभागलीं होतीं. १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं दोघे 'संयुक्त मानापमाना'त एका रंगमंचावर उभे राहिले, तेव्हां राष्ट्रकार्य हें निमित्त होतें; पण प्रेक्षकांना लाभलें तें दोन गळ्यांचें गाणें. राष्ट्रनिष्ठा गुणाला असें व्यासपीठ देते तेव्हां ती धन्य होय. गुणाकडून ती खंडणी मागूं लागली कीं तिचा दरबार होतो.

बेल्जमचें उदाहरण याच्या उलट बाजूचें. तेथें राजा आहे, आणि दोन भाषांचे दोन समाज आहेत. १९५० सालीं राजा लिओपोल्ड परत यावा कीं नाहीं यावर मतदान झालें, तेव्हां फ्लेमिश भागानें होय म्हटलें आणि फ्रेंच भाषेच्या वालोनियानें नाहीं. बहुमत मिळूनही पुढच्या वर्षीं राजाला पद सोडावें लागलें. १९६९ सालीं एडी मर्क्स यानें फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली. फ्लेमिश भागांत जन्मलेला आणि ब्रुसेल्समध्यें वाढलेला हा स्वार दोन्ही समाजांना आपला वाटला. १९९६ सालीं राजानें त्याला सरदारकी दिली. त्या सरदारकीनें मर्क्स मोठा झाला नाहीं. सरदारकीचीच थोडी शोभा वाढली.

आतां घरच्या अंगणांत येऊं. आपल्याकडे सायकल ही टपालवाल्याची, दूधवाल्याची, शाळामास्तराची. तिला कोणा राजाचा आश्रय लागला नाहीं. राजाश्रय मिळाला तो कुस्तीला आणि क्रिकेटला. म्हणून पद आणि गुण यांचा झगडा पाहावयाचा तर क्रिकेटच्या मैदानावर पाहिला पाहिजे. १९३६ सालीं इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघाचें नायकत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे होतें. तीन कसोट्यांत मिळून त्यांच्या धावा ३३; पण दौऱ्याच्या काळांतच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, आणि लाला अमरनाथांसारखा खेळाडू बेशिस्तीच्या आरोपाखालीं अर्ध्यांतून परत पाठविला गेला. सपाटीवरचा संस्थानिक घाटावर नायक म्हणून उभा केला म्हणजे काय होतें, तें या दौऱ्यानें दाखविलें. परंतु न्यायबुद्धीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३२ च्या दौऱ्याचे नायक पोरबंदरचे महाराज होते. लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचा दिवस उजाडला तेव्हां त्यांनीं आपलें स्थान सोडलें आणि सी. के. नायडूंना नायक होऊं दिलें. इतिहासांत त्यांच्या नांवावर धावा नाहींत. हें एक उतरणें आहे.

आणि सांगलींतच जन्मलेल्या विजय हजाऱ्यांचें काय? १९१५ सालीं येथें एका ख्रिस्ती मराठी कुटुंबांत ते जन्मले. बडोद्यासाठीं ते खेळले, आणि १९४७ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्याबरोबर त्यांनीं ५७७ धावांची भागी केली. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते 'इतर' या संघांतून हिंदूंविरुद्ध खेळले, आणि त्या संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्यानें केल्या. त्या दिवशीं मराठी प्रेक्षकानें कोणाच्या बाजूनें टाळ्या वाजवावयाच्या होत्या? धर्माच्या हिशेबानें एकीकडे, भाषेच्या हिशेबानें दुसरीकडे. ज्यानें बॅटीकडे पाहिलें त्यालाच हा प्रश्न पडला नसेल.

पुढें फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू झाली. नायक हजारे. त्याच ६ फेब्रुवारीला इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज मरण पावला, आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे ओढून दुसऱ्या दिवशींचा खेळ बंद ठेवण्यांत आला. भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षें झालीं होतीं; तरी मृत राजासाठीं खेळ थांबला. या सौजन्यांत दास्य पाहण्याचें कारण नाहीं, कारण त्यानंतर काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. विनू मंकडांनीं सामन्यांत बारा बळी घेतले आणि १० फेब्रुवारीला भारतानें एका डावानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला. एका राजाच्या शोकाचा मान राखून, दुसऱ्याच पात्रतेनें तो विजय मिळविला गेला. राजाला नमस्कार केल्यानें राष्ट्र लहान झालें नाहीं, आणि राष्ट्र जिंकल्यानें गुण लहान झाला नाहीं.

एवढें पाहिल्यावर विश्रामबागेंतील वादाचा निवाडा करणें अवघड नाहीं. आत्याचा प्रश्न रास्त आहे. आपला स्वार त्या डोंगरावर असावा ही इच्छा निर्दोष होय. आणि ती पुरी व्हावयाची तर आमच्या मुलांना चांगल्या सायकली, मोकळे रस्ते आणि सवड द्यावी लागेल. परंतु आपला नाहीं म्हणून दुसऱ्याची चढण पाहूं नये, हा निष्कर्ष तिच्यांतून निघत नाहीं. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलींत 'सीतास्वयंवर' केलें तें राजाश्रयानें. तरी तें नाटक आज आपण राजाचें म्हणून नव्हे, मराठी रंगभूमीचें म्हणून स्मरतों. आश्रय कोणाचाही असो, कृति शेवटीं पाहणाऱ्याच्या मालकीची होते.

राहतां राहिला आजोबांचा आक्षेप. राजा उतरत नसतो, असें ते म्हणाले. पण त्यांच्याच डोळ्यांदेखत सांगलीचा राजा १९४८ सालीं गादीवरून उतरला, आणि त्यामुळें त्याची अप्रतिष्ठा झाली असें सांगलीकर समजत नाहींत. पोरबंदरचे महाराज उतरले म्हणून आठवले जातात. विजयानगरमचे महाराजकुमार उतरले नाहींत, म्हणून तेही आठवले जातात. पण दुसऱ्या रीतीनें. घाटाच्या राजाचें राज्य माथ्यावरच्या चार क्षणांचें असतें, पुढच्या वर्षीं तें त्याला पुन्हा कमवावें लागतें, आणि कोणाच्या बापाला तें मुलाच्या हवालीं करतां येत नाहीं. आजोबांना ज्या गोष्टीनें या पदाचें हंसें आलें, तीच त्याची पात्रता आहे. पुढच्या आषाढांत नातवाला हें उत्तर सुचावें, आणि आजोबांनीं तें ऐकून त्याच्याबरोबर शेवटचा चढ पाहावा, एवढेंच या लेखाचें मागणें आहे.