चौकटीबाहेरचे चेहरे

नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकाराचे नाव काढले की जाणत्या रसिकांच्या कपाळावर किंचित आठी पडते. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर सत्तेचाळीस वर्षे सुखवस्तू कुटुंबजीवनाची गोड चित्रे काढणारा कसबी कारागीर, एवढीच त्याची ओळख सामान्यतः दिली जाते. १९६३ साली त्याने ते नियतकालिक सोडले, आणि १४ जानेवारी १९६४ च्या ‘लुक’ पाक्षिकात त्याचे एक निराळेच चित्र दोन पाने व्यापून प्रसिद्ध झाले. ‘द प्रॉब्लेम वुई ऑल लिव्ह विथ’ हे त्याचे नाव.

या चित्रामागील प्रसंग असा. वर्णभेदावर आधारलेल्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. मात्र पुढल्याच वर्षी अंमलबजावणीचा आदेश देताना त्याने ‘विचारपूर्वक त्वरा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातला विचार तेवढा घेतला आणि त्वरा सोडून दिली! परिणामी न्यू ऑर्लिअन्समध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकू शकली ती १४ नोव्हेंबर १९६० रोजी, आणि तीही केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात.

रॉकवेलने मुलीला शुभ्र पोशाखात, हाती पट्टी-वही देऊन चालती दाखविली आहे. पुढेमागे चार मार्शल आहेत. पण चौकटीने त्यांची मस्तके खांद्यापाशीच छाटली आहेत. चित्र मुलाच्या उंचीवरून पाहिलेले आहे, असे याचे स्पष्टीकरण देतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दंडावर पट्टा, खिशात हुकुमाचा कागद आणि चेहरा चौकटीबाहेर, हे शासनाचे यथार्थ रूपच नव्हे काय? शासकीय आदेश बजावण्यात ज्यांचे आयुष्य जाते, अशा आपल्यासारख्यांनी या चार देहांकडे जरा थांबून पाहावे. ते कर्तव्यात यत्किंचितही चुकलेले नाहीत. तथापि त्यांच्या कर्तव्याची सीमा शाळेच्या दारापर्यंतच आहे.

जमावही चित्रात नाही. भिंतीवर फुटलेला टोमॅटो आणि खरडलेली शिवी या त्याच्या खुणा. जमाव जेथे असावयाचा, नेमक्या त्या जागी प्रेक्षक उभा राहतो. जॉन स्टाइनबेकने ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या प्रवासवर्णनात याच शाळेसमोरच्या किंचाळणाऱ्या बायका वर्णिल्या आहेत. परंतु त्यांच्या तोंडचे शब्द वर्तमानपत्रांप्रमाणेच त्याच्या छापील पुस्तकातही आले नाहीत. स्टाइनबेक वाचताना त्या बायकांचा तिटकारा येतो आणि आपण सुटतो. रॉकवेल मात्र आपणांस सुटू देत नाही. ‘गोडगोड’ म्हणून हिणविलेल्या चित्रकाराने ती शिवी भिंतीवर लिहून दाखविली, हे येथे विसरता कामा नये.

या चित्राकडे पुष्कळदा विजयाचे चित्र म्हणून पाहिले जाते. २०११ साली ते व्हाइट हाउसमध्ये लावले गेले, आणि स्वतः ब्रिजेसबाईंनी राष्ट्राध्यक्ष ओबामांसमवेत ते पाहिले. तेव्हा तर ही समजूत अधिकच दृढ झाली असावी. वस्तुतः या चित्रात शाळा कोठेच नाही! आहे तो केवळ रस्ता. दाराआड काय घडले? बहुतेक गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली, आणि ही मुलगी वर्षाचा बराचसा काळ वर्गात एकटीच, बार्बरा हेन्री या गोऱ्या शिक्षिकेपाशी शिकत राहिली. साताऱ्याच्या शाळेत बालवयीन आंबेडकरांना प्रवेश होता, पण बसावयास गोणपाट वेगळे होते, याची मराठी वाचकास येथे आठवण व्हावी. प्रवेश आणि सहवास यांतील हे अंतर कायद्यालाही कापता आले नाही. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, आणि १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, भेदभावातील त्यांचा वाटा सिद्ध झाल्यावाचून उपनगरांच्या शाळांना या योजनेत ओढता येणार नाही.

या चित्रात मुलगी कोठेही पोहोचलेली नाही. तिचा पाय उचललेलाच आहे. हा कलेतील उणेपणा मानणारे मानोत. मला तर रॉकवेलचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा तेथेच दिसतो.